भोंगा आमच्या स्लॅबवर

माणसाने ग्रामसभेत ‘झालाच पाहिजे’ असं कधी म्हणू नये. म्हणायचंच असेल, तर आपल्या घराला वरचा मजला नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

मी पाहिलं नाही. मी नुकतीच अकरावीत गेले होते, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘आपत्ती व्यवस्थापन : काळाची गरज’ या विषयावर पहिली आले होते, आणि माझ्या अंगात जो आत्मविश्वास शिरला होता तो बाबांच्या शब्दांत ‘ट्रान्सफॉर्मर जळेल एवढा’ होता. त्यात पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. आयता माइक, आयते लोक. मी उभी राहिले आणि आमच्या मोहटोल्याच्या सायरनवर बोलले.

सायरन म्हणजे पुराचा भोंगा. वरच्या धरणाची दारं उघडली की आमच्या नदीला पाणी येतं, आणि ते येताना कोणाला विचारून येत नाही. डोंगरात धो धो कोसळून गेलेलं असतं आणि आमच्याकडे लख्ख ऊन. माझी मैत्रीण चमेली नदीकाठच्या टोल्यावर, म्हणजे खालच्या वस्तीवर, राहते. आदल्या पावसाळ्यात असंच भर दुपारी पाणी टोल्यात शिरलं, तेव्हा घरी फक्त तिची रुख्माआजी होती. लोकांनी आजीला कवेलूच्या छपरावरून उतरवलं. शेळ्या वाहून गेल्या. भोंगा त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या छतावर उभा होता आणि गप्प होता. तो बसवल्यापासून एकदाच वाजला होता, उद्घाटनाच्या दिवशी. तेही नारळ फोडताना नाही, सगळे जेवून घरी गेल्यावर.

“म्हणून हा सायरन दुरुस्त झालाच पाहिजे!” मी मूठ उगारून म्हणाले. टाळ्या पडल्या. चमेलीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

सरपंच सुशिलाबाई उठल्या. “पोरगी बरोबर बोलून राहिली. पन पंचायतीचं छत गळून राहिलं, त्याचं काम काढाचं हाय. भोंगा उतरवाच लागते. गावात दुसरी उंच जागा कोनती?”

सगळी ग्रामसभा वळली आणि आमच्या घराकडे पाहू लागली.

आमचं घर गावातलं एकमेव दोन मजली. बाबा पतसंस्थेत क्लार्क आहेत आणि त्यांचं पहिलं प्रेम त्यांचा स्लॅब आहे. आईशी लग्न त्यानंतरचं नाही, आधीचंच, पण प्रेमाचा क्रम हाच. स्लॅबवर कोणी जोरात पाय आपटला तरी बाबांच्या छातीत दुखतं. ते उठून काही बोलणार, एवढ्यात मागच्या रांगेतून आई म्हणाली, “आना.”

बस. एकच शब्द. मी एवढं भाषण केलं ते राहिलं बाजूला.

“अगं मंदा, विचारायचं तरी,” बाबा घरी आल्यावर म्हणाले.

“कोनाले? स्लॅबले?”

तर भोंगा आला. एक लोखंडी खांब, त्यावर चार दिशांना तोंडं केलेले चार कर्णे, एक सौर पाटी आणि एक कुलूपबंद पेटी. खांबासाठी स्लॅबला भोकं पाडली तेव्हा बाबा खाली देवघरात बसून होते. ड्रिलचा आवाज आला की ते डोळे मिटत.

पेटी उघडली. आत बॅटरी होती, पण बॅटरीत जीव नव्हता. जीव होता तो उंदरांच्या एका सुखी कुटुंबात. त्यांनी लाल वायर खाल्ली होती, काळी शिल्लक ठेवली होती. कर्ण्यात साळुंकीचं घरटं निघालं, आणि त्यात पिल्लं. आई म्हणाली, पिल्लं उडेपर्यंत कर्ण्याला हात लागनार नाही. भोंगा देणाऱ्या तालुक्याच्या आपत्ती ऑफिसला तसं कळवलं. ऑफिसकडून उत्तर आलं, की विलंबाचं कारण म्हणून ‘पक्षी’ हा पर्याय उपलब्ध नाही. ‘तांत्रिक’ किंवा ‘नैसर्गिक आपत्ती’ यापैकी एक निवडावा. आम्ही साळुंकीला नैसर्गिक आपत्तीत टाकलं.

आता शेजारी. आमचे शेजारी सुकरामकाका दरेकसा स्टेशनवरून रिटायर झाले, पण रेल्वे त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. ते रोज सकाळी चहाच्या वेळी येत आणि खांबाभोवती एक प्रदक्षिणा घालत.

“योगराज, अर्थिंग केली का गा?” ते बाबांना विचारत. “बिना अर्थिंगचा भोंगा म्हंजे बिना ब्रेकची मालगाडी. वीज पडली का पयले भोंगा जाते, मंग तुहा टीव्ही, मंग तू.”

बाबांना क्रम पटला. अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली. जमीन ओली राहिली पाहिजे म्हणून बाबांच्या मागे रोज एक बादली पाणी लागलं. सकाळी आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून, बाबा पूर्वेकडे तोंड करून त्या खड्ड्यात शांतपणे पाणी ओतत. तोंड पूर्वेला असण्याचं कारण पश्चिमेला गोबरगॅसची टाकी होती. पण गावाला काय ठाऊक? ‘पतसंस्थेच्या भाऊनं नवस धरला’ अशी बातमी पसरली आणि आठवड्याभरात त्या खड्ड्यावर कोणीतरी हळद-कुंकू वाहून गेलं. आईने ते पुसू दिलं नाही. “राहू द्या. आता त्याच्यावर कोनी पाय ठेवनार नाही.”

खरा प्रश्न होता बॅटरीचा. सायरन फुकट मिळाला होता. त्याच्या बसवण्याला पैसा होता, त्याच्या उद्घाटनाच्या मंडपालासुद्धा पैसा होता. पण बॅटरी बदलायची, तिच्यात पाणी घालायचं, वायर टाकायची, गंज खरवडायचा, यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नव्हता. ‘देखभाल स्थानिक स्तरावर करावी’ एवढं मात्र लिहिलेलं होतं. स्थानिक स्तर म्हणजे कोण, ते आम्ही विचारलं. उत्तर आलं नाही, पण सगळे पुन्हा आमच्या घराकडे पाहू लागले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो आमच्या स्लॅबवर असा शिजू लागला.

आई आमच्या बचत गटाची अध्यक्ष. तिने गटाकडून उचल घेतली आणि आम्ही तिघं एसटीने गोंदियाला गेलो.

गोंदियाच्या दुकानदाराने हिंदीत विचारलं, “बहनजी, सायरन की बैटरी? गाँव में थाना खुला है क्या?”

“थाना नाही, पूर येते,” आई म्हणाली. “भाव सांगा.”

पुढचा अर्धा तास तो हिंदीत खाली येत होता आणि आई झाडीबोलीत एकाच ठिकाणी उभी होती. मी मधे पडून ‘ग्राहक हक्क’ यावर चार वाक्यं बोलले, तर तो आईला म्हणाला, “बिटिया वकील है?” आई म्हणाली, “नाही, पन हिच्यामुळंच अठी आलो.” शेवटी त्याने जुनी बॅटरी भंगारात धरून घेतली, नवी दिली, वर मला एक पेन दिला. तो सौदा जिंकल्यानंतर देतात तसा नव्हता. सुटलो एकदाचे म्हणून देतात तसा होता.

परतीच्या एसटीत कंडक्टरने बॅटरीकडे बोट दाखवलं. “हे कोण?”

“बॅटरी,” बाबा म्हणाले.

“मांडीवर बसली तर फुकट. सीटवर बसली तर तिचं तिकीट.”

बाबांनी स्वाभिमानाने बॅटरी मांडीवर घेतली. सडकेला जितके खड्डे होते तितक्यांदा बॅटरीतलं अॅसिड थोडं थोडं उचंबळलं. घरी पोचेपर्यंत बाबांच्या नव्या पँटीवर अशा ठिकाणी भोकं पडली होती, की पतसंस्थेत ते पुढचे अनेक दिवस खातेदारांना बसूनच नमस्कार करत होते.

पहिली चाचणी रविवारी ठेवली. बटण मी दाबायचं हे माझ्या भाषणामुळे आपोआपच ठरलं होतं. मी दाबलं.

तो आवाज मी कसा सांगू! आधी पेटीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, मग तो आवाज वर चढला, अजून वर चढला, आणि पूर्ण मोहटोला, पलीकडचं जंगल आणि बहुतेक थोडं छत्तीसगड त्याच्याखाली आलं. मी अभिमानाने बटण सोडलं. बटण मात्र मला सोडेना, ते आत गेलं ते गेलंच.

भोंगा वाजत राहिला. बाबा आंघोळीतून टॉवेलवर धावत आले आणि त्यांनी चार कर्ण्यांपैकी एकाला गोधडी गुंडाळली. त्यामुळे एवढंच झालं की उरलेल्या तीन दिशांना दुप्पट ऐकू जातंय असं वाटू लागलं. सुकरामकाकांची म्हैस दावं तोडून थेट पंचायतीत शिरली. काका खालून ओरडत होते, “अवं, इंजिनसुद्धा एवढा वेळ शिटी मारत नाही! लाइन क्लिअर द्या! लाइन क्लिअर द्या!” टॉवेलवर, गोधडी कवटाळून, गावाच्या सर्वांत उंच जागी उभे असलेले बाबा सगळ्या गावाने पाहिले. खड्ड्याच्या नवसाबद्दल ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

आई स्वयंपाकघरातून वर आली. हातात सांडशी होती. तिने पेटी उघडली, सांडशीने बॅटरीची एक वायर धरली आणि ओढली. गाव शांत झालं. “भाजी करपली,” ती म्हणाली आणि खाली गेली.

त्या दिवसापासून भोंगा खऱ्या अर्थाने आईचा झाला. मी भाषण केलं होतं, हे मी अजूनही सगळ्यांना सांगते. पण दर महिन्याला जुन्या लुगड्याने सौर पाटी पुसणारी, बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा चुरा गरम पाण्याने धुणारी, उंदरांसाठी पेटीच्या भोकांत तारेची जाळी ठोकणारी ती. कंपनीचा माणूस नागपूरहून येतो म्हणे, पण तो येईपर्यंत आईने बटणही बदलून घेतलं होतं. तिला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर ती म्हणाली असती, हात रिकामे असतील तर शिडी धरा.

पण बचत गटाची उचल फेडायची होती. आई म्हणाली, “भोंग्यानं आपलं पोट आपनच भरलं पायजे.” आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची गावजत्रा, आली तेव्हा तशी संधी चालून आली.

आमच्याकडे मंडईला नाटक नसेल तर ती मंडईच नव्हे. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष खुशालभाऊ, छातीने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद. ते आईकडे आले. “वहिनी, नाटकाच्या तिसऱ्या घंटीच्या जागी भोंगा वाजवू द्या. मंडळ भाडं देते. पंचक्रोशीत कोनत्या गावानं असं केलं नाही.”

आईने भाडं ठरवलं. भोंगा वाजला, आणि नदीकाठच्या आखरावर, म्हणजे जिथे गुरं गोळा होतात त्या मोठ्या मैदानावर, चटया आणि पोती काखेत मारून माणसांचा पूर लोटला. नाटक बरं झालं की वाईट ते कोणाला आठवत नाही, भोंगा सगळ्यांना आठवतो. मग दुसरं नाटक आलं. मग कबड्डी, मग बैलांच्या शर्यतीचा शंकरपट. सगळं आखरावर, सगळं भोंग्याने सुरू. बचत गटाची उचल फिटली, खांबाला गंज न धरणारा रंग लागला, बाबांना नवी पँट मिळाली. शेजारच्या गावातले लोक जळून म्हणू लागले, “त्यायचं काय बाप्पा, त्यायच्याकडं सायरन हाय.” मी तर कॉलेजात ‘स्वयंपूर्ण सायरन’ नावाचा निबंधच लिहिला.

उन्हाळा संपता संपता ऑफिसचं पत्र आलं : पावसाळ्यापूर्वी सराव. साहेब स्वतः येणार, भोंगा वाजणार, आणि नदीकाठचा टोला रिकामा होऊन लोक वर टेकडीवरच्या शाळेत येतात की नाही ते पाहणार. नाही आले तर ‘सायरनचा उपयोग होत नसल्याने’ तो दुसऱ्या गावाला हलवणार.

मी तयारीला लागले. शाळेच्या फाटकावर ‘सुरक्षित स्थळ’ अशी पाटी रंगवली, स्वागताचं भाषण पाठ केलं. साहेब आले. त्यांच्या हातात घड्याळ, गाडीत बिस्किटांचे खोके. घरी आईने बटण दाबलं. भोंगा सुरेख वाजला. आम्ही टेकडीवर उभे राहून वाट पाहू लागलो.

एक कुत्रं आलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी पाटी जरा सरळ केली. कुत्र्याने पाटी हुंगली. तेवढ्यात खालून गलका ऐकू आला. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. सगळं मोहटोला गाव खाली नदीकडे धावत सुटलं होतं! काखेत चटया. कडेवर पोरं. टोल्यावरची माणसं तर दोन पावलं टाकून आखरावर पोचलीसुद्धा होती. सर्वांत पुढे, पाण्यापासून हाताच्या अंतरावर, चांगली जागा धरून रुख्माआजी पोतं अंथरत होती.

“हे लोक पुराकडे का पळतायत?” साहेबांनी मला विचारलं.

मी पाटी पुन्हा एकदा सरळ केली.

खाली गेल्यावर खुशालभाऊंनीच साहेबांना विचारलं, “साहेब, नाटक कोनतं आनलं?” जाताना साहेब आईला म्हणाले, “सायरन पुढच्या महिन्यात हलवावा लागेल. माझाही नाइलाज आहे, ताई.” बिस्किटांचे खोके त्यांनी सोडून दिले, आणि ते कुत्र्यासकट सगळ्यांनी खाल्ले.

चमेली माझ्याशी दिवसभर बोलली नाही. शेवटी म्हणाली, “तुह्या भाषनानं आला आन तुह्या मायच्या भाड्यानं चालला. पानी आलं तर आमी का तुहा निबंध वाजवाचा?”

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. कारण मी स्पर्धा हरले तर कप जातो. तिची आजी पुन्हा छपरावर बसणार होती.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर सल्ल्यांची मंडई भरली. सुकरामकाका म्हणाले, दोन वेगळे आवाज ठेवा, नाटकाला लांब, पुराला तुटक; रेल्वेत तसंच असते. मग त्यांनी दोन्ही आवाज तोंडाने काढून दाखवले आणि त्यांनाच कुठला कुठला ते सांगता येईना. बाबा म्हणाले, भाड्याने देणं बंद करा. आई म्हणाली, मंग बॅटरी तुमच्या मांडीवर. मी म्हणाले, जनजागृती! पत्रकं! प्रभातफेरी!

आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “लोकायचं का चुकलं? भोंगा वाजला, समदे आले. टोल्यावरचा एकही घरी नाही राहिला. रुख्माबाईच्यानं धड चालवत नाही, तेपन आली. मानसं बरोबर हाय. जागा चुकीची हाय.”

“मग?”

“मग काय? नाटकच वर नेऊ.”

काही माणसं हुशार असतात आणि काही माणसं माझी आई असतात.

अर्थात खुशालभाऊ भडकले. “आखरावर आमच्या आज्याच्या आज्यानं नाटक केलं! मंच हालनार नाही!”

“नोको हालवू,” आई म्हणाली. “आज्याच्या आज्याले सांग घंटी वाजवाले. भोंगा भेटनार नाही. शेजारच्या गावचे येऊन गेले काल, ते भोंगा मांगून राहिले.”

शेजारचे आले होते खरे, पण ते बैलाच्या औषधाला आले होते. हे आईने सांगितलं नाही, आणि खुशालभाऊंनी विचारलं नाही. त्यांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, “वर लाइटची सोय हाय का?”

आता हेडमास्तर. त्यांनी नियम काढला : शाळेच्या मैदानावर मनोरंजनाला परवानगी नाही. आई म्हणाली, “आन आपत्तीले?” आपत्ती सरावाला आहे, ते म्हणाले. तेव्हा जूनमध्ये पावसाच्या तोंडावर, दिवसाउजेडी, मोहटोल्याच्या इतिहासातली पहिली ‘आपत्ती सराव (सांस्कृतिक)’ दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य, शाळेच्या मैदानावर झाली. खुशालभाऊंनी लुगडं नेसून बाईचं काम केलं. मिशी काढायला ते तयार नव्हते, म्हणून पदर नाकापर्यंत घेतला.

साहेबांना आईने त्याच दिवशी बोलावलं होतं. भोंगा वाजला. यावेळी पूर टेकडी चढून आला. चटया, पोती, पोरं, म्हातारी माणसं. टोला असा रिकामा झाला की मागे कोंबड्यासुद्धा थोड्याच राहिल्या. साहेब घड्याळाकडे आणि माणसांकडे आळीपाळीने बघत होते.

“पण ताई,” ते म्हणाले, “सायरन आपत्तीसाठी असतो. मनोरंजनासाठी नाही.”

“साहेब,” आई म्हणाली, “तुमच्या आपत्तीले कोनी येत नाही. आमच्या नाटकाले समदं गाव येते. तुमाले मानसं पायजेत का नियम पायजे?”

साहेबांनी पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं की टोला वेळेत रिकामा झाला, सायरन आहे तिथेच ठेवावा. मग विचारलं, “दंडार किती वेळ चालेल? ड्रायव्हरला सांगतो.” ते शेवटपर्यंत थांबले. खुशालभाऊंच्या पदराला सर्वांत मोठ्याने तेच हसले.

त्यानंतर गावात जे काही व्हायचं ते टेकडीवर होऊ लागलं. भजन टेकडीवर. कबड्डी टेकडीवर. आणि दरवेळी भाड्याचा भोंगा.

आता हा ऑगस्ट. रविवारची दुपार. पाऊस चार दिवस नुसता ओतत होता, लाइट सकाळपासून नव्हती. आईचा फोन वाजला, ऑफिसातून : धरणाची दारं उघडली होती. ती फक्त “हो” म्हणाली, दोनदा. फोन ठेवला आणि छत्री उचलली.

“हर्षा, वर जा. दाब.”

“आणि तू?”

“मी टोल्यावर जाऊन येतो. दाब म्हनलं ना.”

मी दाबलं. गावात कुठे वीज नव्हती, पण आईच्या बॅटरीत होती. भोंगा त्या पावसाच्या वर चढला आणि मी पहिल्यांदाच त्या आवाजाला घाबरले. डोक्यात एकच चाललं होतं : पावसाळ्यात नाटक नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नाही आले तर?

मी स्लॅबवरून पाहिलं. पावसाच्या पडद्यातून टेकडीच्या वाटेवर छत्र्या, इरली, प्लास्टिकची पोती सरकत होती. आले. सुकरामकाका म्हशीला ओढत होते आणि हिरवा रुमाल हलवत होते. बाबा शाळेच्या दारात उभे राहून एकेकाला आत घेत होते. मी धावत वर पोचले तेव्हा चमेली व्हरांड्यात आपल्या टोल्यावरची माणसं मोजत होती. पुन्हा पुन्हा मोजत होती. चेहरा पांढराफटक.

“आजी नाही वं हर्षा. आजी मागंच होती.”

आणि माझी आईसुद्धा नव्हती. मी खाली पळणार तोच वळणावर छत्री दिसली. छत्रीखाली आई, आणि खुशालभाऊंच्या पाठीवर रुख्माआजी. आजीच्या काखेत चटई.

“म्हातारी घरात चटई धुंडून राहिली होती!” खुशालभाऊ धापा टाकत ओरडले. “मी म्हनलं, नाटक नाही, पूर हाय, पूर!”

“मालूम हाय मले,” आजी पाठीवरूनच म्हणाली. “पन नाटक असो का पूर, बसाले तर लागतेच ना गा?”

चमेली हसत होती की रडत होती ते पावसात कळलं नाही.

थोड्याच वेळात पाणी आलं. आखर गेलं. मग टोला. चमेलीच्या घराच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढलेलं आम्ही वरून पाहिलं. लहान पोरं रडू लागली. आईने मला कोपराने ढोसलं. “बोल काही. एवढी पयली येत राहतेस.”

मी बेंचवर चढले आणि म्हणाले, “आपत्ती व्यवस्थापन ही काळाची गरज आहे...”

“खाली बस!” मागून कोणीतरी ओरडलं.

“आवाज येत नाही!”

“गाना म्हन वं पोरी!”

तालुक्यात पहिल्या आलेल्या भाषणाची अशी अवस्था पाहून खुशालभाऊंना राहवलं नाही. ते ओल्या धोतरानेच पुढे आले, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करून म्हणाले, “मी नदी! आन हे पोरगी धरनाचा साहेब! बोल वं साहेब, काऊन दार उघडलं?” आणि मी, सांगायला लाज वाटते, धरणाचा साहेब झाले. मला संवाद नव्हते. मी दिसेल ते बोलले, नियम सांगितले, रकाने सांगितले, आणि नदीने दर वेळी मला हाकललं. पोरांचं रडणं थांबलं. चमेली हसली. आई दाराशी टेकून हात पुसत उभी होती.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मोजून सगळी माणसं होती, शेळ्यांसकट. चमेली आणि मी आजीला दोन्ही बाजूंनी धरून टेकडीवरून खाली आणत होतो. खाली त्यांच्या अंगणात गुडघाभर चिखल दिसत होता आणि घराची एक भिंत बसली होती. 

आजीने चटई झटकली, गुंडाळली, काखेत मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

“नाटक काही खास नोहोतं, बाई,” ती म्हणाली. “पन जागा चांगली होती.”